चौसष्ट आणि पासष्टच्या मधे

जिन्यात एक अनोळखी माणूस माझं वाक्य म्हणत होता. मोबाईल कानाला लावून पलीकडच्या कुणाला तरी तो ते गंमत म्हणून ऐकवत होता: "बॅरिस्टर कोदंडांनी सिगारेट विझवली आणि खोलीतला काळोख मोजला." एवढं म्हणून स्वतःच खूश होऊन हसला. मी दोन पायऱ्या खाली, कठडा धरून, धाप टाकत उभा. हे वाक्य मी पाटबंधारे खात्याच्या ऑफिसात, जेवणाच्या सुट्टीत, जुन्या टिपणीच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं होतं, आणि लिहितानाच मला नीट माहीत होतं की काळोख मोजता येत नाही. पान भरायचं होतं म्हणून लिहिलं. पुढच्या ओळीत कुणीतरी किंचाळलं असणार, कारण माझ्या पुस्तकांत दर दोन पानांनी कुणीतरी किंचाळायचंच. ते वाक्य मी स्वतः विसरलो होतो, आणि पन्नास वर्षांनी गारखेड्यातल्या एका मंगल कार्यालयाच्या जिन्यात ते पोट सुटलेल्या, केस रंगवलेल्या एका माणसाच्या तोंडातून धडधाकट बाहेर पडलं. मी दुसऱ्या हातानंही कठडा धरला. वयावर ढकलता आलं असतं, पण वयाचा त्यात काही संबंध नव्हता.

घरी मी पेन्शनरांच्या सभेला जातो म्हणून सांगून निघालो होतो. खरं तर या मेळाव्याची बातमी मला सून मोनिकानंच मोबाईलवर दाखवली. जुन्या रहस्यकथांचे वाचक आणि संग्राहक, वर्ष चौथं. "बघा ना पप्पा, लोकांना काय काय नाद असतात," असं ती म्हणाली आणि मी चष्मा पुसत, खरंच, म्हणालो. तिला माहीत नाही. मुलाला माहीत नाही. बायको गेली, तिलाही मी ऑफिसचं काम घरी आणतो असंच वाटत राहिलं. मेघश्याम दिवाकर हे नाव गुलमंडीतल्या एका प्रकाशकानं तयार केलं होतं, जसं दुकानाला नाव देतात तसं. त्या नावानं दर महिन्याला खिशात मावेल अशी एक कादंबरी निघायची. एक महिना मी लिहायचो, एक महिना दुसरा कुणीतरी. तो जालन्याला असतो एवढंच मला ठाऊक होतं. त्याला मी कधी भेटलो नाही आणि त्याचं एकही पुस्तक वाचलं नाही. सवत सवतीचा स्वयंपाक चाखत नाही, तसं ते होतं. त्या प्रकाशकाचे, म्हणजे शेटजींचे, नियम दोघांना सारखे होते. नायक बॅरिस्टर कोदंड. नायिकेचं नाव प्रत्येक पुस्तकात मालतीच, कारण पहिल्या पुस्तकातली मालती खपली होती. पहिल्या चौसष्ट पानांच्या आत निदान एक प्रेत. आणि लेखकानं आपण लेखक आहोत हे कुणाला सांगायचं नाही. हा शेवटचा नियम मी जरा जास्तच पाळला. त्याला कारण होतं. आमची पोरं तेव्हा नागसेनवनात, कॉलेजच्या आवारात, झाडाखाली उभं राहून कविता वाचायची, अशा कविता की ऐकताना मुठी वळायच्या. माझ्याबरोबरची पोरं, माझ्याच वस्तीतली, एका ताटात जेवलेली. ती जळतं ते लिहीत होती आणि मी कधी न पाहिलेल्या बंगल्यांतल्या कधी न पाहिलेल्या पियानोवर रक्ताचे थेंब पाडत होतो. कोणत्या तोंडानं सांगणार होतो? नंतर शेटजी वारले, दरमहाची कादंबरी बंद पडली, टीव्ही आला, मी हेडक्लार्क झालो, आणि सांगण्यासारखं काही उरलंच नाही असं मी स्वतःला पटवलं. पण पटलं नव्हतं. शहात्तराव्या वर्षी मी इस्त्रीचा शर्ट घालून रिक्षानं गारखेड्याला आलो तो एकाच गोष्टीसाठी. मला एकदा चारचौघांसमोर, माईकवरून सांगायचं होतं की मेघश्याम दिवाकर म्हणजे मी. बाकी काही नको होतं. शाल नको, नारळ नको. थोड्या टाळ्या चालल्या असत्या.

वर गेलो तर दारात टेबल, टेबलामागे राजकुमार नावाचे एक गृहस्थ. हा मेळावा त्यांनीच सुरू केलेला. त्यांचं चष्म्याचं दुकान आहे. त्यांनी मला विचारलं, पहिल्यांदाच आलात का, आणि हो म्हटल्याबरोबर माझ्या छातीवर लाल फीत टाचली. ती कशासाठी ते मी विचारलं नाही. लग्नाच्या हॉलमध्ये छातीवर काहीतरी टाचून घेणं मला स्वाभाविक वाटलं. मग आत पाऊल टाकलं आणि जिथल्या तिथं थांबलो. सबंध हॉलभर टेबलं होती आणि टेबलांवर आमची पुस्तकं. आमची म्हणजे त्या सगळ्या जमान्याची, रद्दीच्या कागदावर छापलेली, ओल्या बोटानं उलटली की पान हातात येणारी, गादीखाली आणि संडासात आणि गणिताच्या पुस्तकात घालून वाचलेली. आता प्रत्येक पुस्तक पारदर्शक पिशवीत निजवलं होतं. माणसं ती दोन्ही हातांनी उचलत होती. एकानं उचलण्याआधी रुमालाला हात पुसले, ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. नांदेडचा एक निवृत्त तहसीलदार मुखपृष्ठाच्या चित्रकाराबद्दल अशा आवाजात बोलत होता, जसं माणूस आपल्या गुरूबद्दल बोलतो. एक जाड भिंगाचे गृहस्थ तर फक्त वाचनालयांचे शिक्के जमवत होते, जांभळे, गोल, अर्धे पुसलेले, आणि त्यातल्या गुलमंडीच्या एका शिक्क्यावर बोट ठेवून ते उभे होते. मी हसणार होतो. मला हसायची सवय आहे, स्वतःला तर फारच. पण हसू आलं नाही. मला वाटलं, अरे, आपण हे फेकून द्यायला म्हणून लिहिलं आणि या लोकांनी फेकलंच नाही. एवढी वर्षं हे कुठं होते सगळे? मी ऑफिसातून सायकलवर घरी जात असताना हे कुठल्या खोलीत बसून वाचत होते?

मधल्या टेबलावर एकच पुस्तक होतं, लाल कापडावर. 'बंगला नंबर एकोणीस'. मुखपृष्ठ फाटकं, पण माझं. ते मी कुठंही ओळखलं असतं. शेजारी एक बाई उभ्या होत्या, पांढरे केस, खांद्याला पर्स, माझ्याच वयाच्या. मनकर्णाबाई. त्यांनीच नाव सांगितलं. नर्स होत्या, आता रिटायर, वैजापूरहून दर वर्षी एसटीनं येतात. रात्रपाळीला जाग राहावी म्हणून या पुस्तकांचा नाद लागला, असं त्या म्हणाल्या, आणि मग त्या फाटक्या पुस्तकाकडे बोट करून म्हणाल्या, "ह्याच्यासारखं दुसरं पुस्तक नाय झालं. हे वाचलं आन् मला मालती लई दिवस ध्यानात ऱ्हायली." मी मान हलवली. इथंच सांगून टाकावं का, असं वाटलं. पण मला माईक हवा होता. माणसाचा हावरटपणा बघा.

त्या पुस्तकातली मालती शेटजींची नव्हती. ती माझी आक्का होती. आवडा तिचं नाव, माझ्याहून दहा वर्षांनी मोठी. आमच्या घरात लिहिता-वाचता येणारा मी पहिला. ती शाळेत गेली नाही, तिच्या वेळी तसा विषयच निघाला नाही, पण किराण्याचा पुडा घरी आला की डाळ डब्यात ओतून तो कागद ती गुडघ्यावर सपाट करायची आणि मला म्हणायची, वाच. कधी वर्तमानपत्र असायचं, कधी मासिकातल्या गोष्टीचं एखादं पान. गोष्ट मध्येच सुरू व्हायची आणि मध्येच तुटायची. तुटली की मी हिरमुसायचो. आक्का भाकरी थापता थापता पुढची गोष्ट सांगून टाकायची, जणू ती त्या गावात राहून आली होती. मी शहरात वसतिगृहात आलो आणि त्याच वर्षी ती तापात गेली. सासरी, लांब. निरोप पोचेपर्यंत आणि मला कुणीतरी गाडीत बसवेपर्यंत माती होऊन गेली होती. मी पोचलो तेव्हा तिचं लुगडं दांडीवर वाळत होतं आणि घरात माणसं जेवत होती. मी तिला गेलेली पाहिलं नाही. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, पण मी जी प्रेतं लिहिली ती सगळी त्या न पाहिलेल्या एकाच्या जागी लिहिली, असं मला आता वाटतं. 'बंगला नंबर एकोणीस' लिहिताना तर मी सरळ तिलाच घेतलं. डाव्या मनगटावर तव्याचा चटका, बोलताना एक भुवई वर, कपाळावरची केसांची बट फुंकरीनं उडवायची सवय. आणि चौसष्टाव्या पानावर मी तिला मारली. नियम होता. बॅरिस्टर वाकतो, मनगट हातात घेतो, आणि "सारं संपलं आहे," म्हणतो. तिथून पुढं चौसष्ट पानं खुनी कोण याची पळापळ, जिच्यात मला काडीचाही रस नव्हता.

दुपारी जेवणं झाल्यावर खुर्च्या मांडल्या. शेवटचा कार्यक्रम. राजकुमारांनी ते लाल कापडावरचं पुस्तक हातात घेतलं आणि सगळे खुर्च्या पुढं सरकवून बसले. ते म्हणाले, रीतीप्रमाणे आधी चौसष्टाव्या पानाचा शेवट आणि पासष्टाव्याची सुरुवात. आणि वाचायला लागले. बॅरिस्टरनं मनगट हातात घेतलं. मनगटावर जुना चटका होता. सारं संपलं आहे. माझे ओठ हलत होते, पुढचं वाक्य मला ठाऊक होतं: "बंगल्याबाहेर पोलिसांची जीप थांबली." राजकुमार समोरच्या उजव्या पानावर आले. "दारावर थाप पडली," ते वाचत होते, "आणि दार मालतीनंच उघडलं. तिच्या हातांना पीठ लागलं होतं. या ना, ती म्हणाली, उशीर केलात."

मी खुर्चीचा हात घट्ट धरला. हे मी लिहिलेलं नव्हतं. हे असं वाक्य मला येतच नव्हतं. मी असतो तर मालती दचकली असती, वीज चमकली असती. दोन-चार मिनिटं माझं डोकं नुसतं गरगरत होतं, आणि मग त्यातला क्लार्क जागा झाला आणि त्यानं प्रकरण सोडवलं. आमची पुस्तकं सोळा-सोळा पानांच्या गठ्ठ्यांनी शिवलेली असायची, फॉर्म म्हणतात त्याला. वाचनालयात पुस्तक हातोहात फिरलं की शिवण उसवायची आणि फॉर्म सुटे व्हायचे. मग कुणीतरी बाइंडर सगळा ढीग घेऊन बसायचा आणि उरलेल्यांतून पुस्तकं जुळवायचा. इथं त्यानं पहिले चार फॉर्म माझे घेतले आणि पुढचे चार दुसऱ्याचे, त्या जालन्याच्या माणसाचे. कोदंड दोन्हींत, मालती दोन्हींत, पानांचे आकडे बरोबर. त्याला काय कळणार? माझ्या मेलेल्या मालतीला त्याच्या जिवंत मालतीचं धड लागलं होतं. मला राग यायला हवा होता. राग आलाच नाही. मला ते पीठ दिसत होतं, बोटांच्या पेरांत वाळलेलं. त्या माणसानं आक्काला कधी पाहिलं नव्हतं, आणि तिचे हात मात्र त्याला माहीत होते. इतकी वर्षं मी त्याचं एक पान वाचलं नाही.

तरी सवय जाईना. मी मनकर्णाबाईंकडे झुकून, हळूच, पण मोठ्या गुपिताच्या थाटात सांगितलं की ही बाइंडरची चूक आहे, ही दोन वेगळी पुस्तकं आहेत. त्यांनी माझ्याकडे जरा कीव आल्यासारखं पाहिलं. "ते समद्यांला माहीत हाय हो," त्या म्हणाल्या. "राजकुमार सरांकडं दोन्ही पुस्तकं येगळी बी हायेत, कपाटात. वाचली मी. एकात मरती आन् मरूनच ऱ्हाती. दुसऱ्यात पहिल्यापासून जिती हाय, तिला काय किंमतच नाय त्याची. ह्याच्यातच ती जाऊन माघारी येती. चुकीनं का होईना, बाई उठली ना? मग ती चूक आम्ही कशाला दुरुस्त करू?" मी सरळ बसलो. माझ्याकडचा एकुलता हुकमाचा पत्ता पडला होता आणि मला त्याचं वाईट वाटत नव्हतं, उलट हॉलमधली ती सगळी माणसं मला एकाएकी फार मोठी वाटायला लागली. तहसीलदार, शिक्केवाले, जिन्यातला तो रंगवलेल्या केसांचा, सगळे. त्यांना सगळं ठाऊक होतं आणि तरी ते दर वर्षी लांबून येत होते, त्या दोन पानांच्या मधल्या शिवणीपाशी बसायला. आम्ही लिहिणाऱ्यांनी लिहिलं आणि उठून गेलो. पुस्तक यांनी केलं.

मग लाल फितीचा अर्थ कळला. जो पहिल्यांदा आला त्यानं उठून सांगायचं, चौसष्ट आणि पासष्टच्या मधे काय झालं असेल, मालती कशी परत आली. पूर्वीच्या वर्षांत कुणी जुळी बहीण सांगितली होती, कुणी विषाचा उतारा, एका प्राध्यापकानं म्हणे स्वप्नावर अर्धा तास घेतला होता. माझ्याआधी एक तरुण मुलगी उठली, श्रेया, तिनं सांगितलं की बॅरिस्टरच मेला आहे आणि पासष्टाव्या पानापासून तो वर गेलाय. लोकांनी मनापासून दाद दिली. मग राजकुमारांनी माझ्याकडे हात केला. मी उठलो, चाललो, आणि माईक माझ्या हातात आला. शेवटी आला. नाव सांगा सर, राजकुमार म्हणाले.

सगळी वाक्यं मी रिक्षात तयार केली होती. पण तोंड उघडलं आणि मला एक गोष्ट लख्ख दिसली. मी जर आता म्हणालो की लेखक मी आहे, तर ही सगळी माणसं उभी राहतील, टाळ्या वाजवतील, आणि मग विचारतील, तुम्हीच सांगा. आणि लेखकानं सांगितलं की ते खरं ठरतं. लेखकाला तर एवढंच माहीत आहे की ती मेली. त्यानंच मारली, पान भरलं म्हणून. पुढच्या वर्षी मधल्या टेबलावर मी असेन, आणि ती चौसष्टाव्या पानावर पडून राहील, मनगट बॅरिस्टरच्या हातात. एक तर माझं नाव राहील नाहीतर ती राहील. अशी निवड आयुष्यात कुणी मला दिली नव्हती. तिच्या वेळी तर मला कुणी नीट कळवलंही नव्हतं.

"बन्सी पुंजाराम म्हस्के," मी म्हणालो. "पाटबंधाऱ्यातून रिटायर."

आणि सांगायला लागलो. काय सांगणार आहे ते मलाच माहीत नव्हतं. म्हणालो, ती मेली नव्हती. ज्यानं मनगट धरलं तो घाईत होता, त्याला पुढं जायचं होतं, त्यानं नीट पाहिलं नाही. सगळे बाहेर गेले तेव्हा ती उठून बसली. ताप उतरला होता. मी ताप म्हणालो. पुस्तकात ताप नाही, तिथं गळा दाबला आहे, पण कुणी टोकलं नाही. ती उठली, मी म्हणालो, कपाळावरची बट तिनं फुंकरीनं उडवली. बाहेर माणसं जमली होती, जेवत होती. तिनं दारातून पाहिलं, आणि तिला वाटलं, आता मध्येच जाऊन यांना कशाला घाबरवायचं. तिला आयुष्यात कुणाची अडचण व्हायला आवडलं नाही. ओलं लुगडं दांडीवर तसंच राहू दिलं आणि मागच्या दारानं निघाली. वाटेत लोक भेटले, कुणी ओळखलं नाही. चालत चालत दुसऱ्या एका गावात, दुसऱ्या कुणाच्या तरी गोष्टीत पोचली. तिथं एका माणसानं तिला काही विचारलं नाही. परात दिली, पीठ दिलं. तो भला माणूस होता, मी म्हणालो, माझी त्याची ओळख नाही, पण भला माणूस होता. तिथं ती राहिली, आणि तिला एवढं माहीत होतं की कधीतरी दारावर थाप पडणार. एवढंच.

हॉलमध्ये कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. राजकुमारांनी चष्मा काढला होता. मला वाटलं फसलं सगळं, आणि मी माईक परत द्यायला हात पुढं केला, तेवढ्यात मनकर्णाबाई बसल्या जागेवरून बोलल्या. माईक नव्हता, तरी शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं असेल.

"पर मग तिला घर आठवलंच नाय का हो? पाठीमागं एखादा धाकटा भाऊ असंल, तो वाट बघत असंल. जिती होती तर यवढ्या वर्सांत एकडाव तरी यायचं की घरी तिनं."

मी माईक परत तोंडाशी आणला. तो ओठांना टेकला होता, त्यामुळे माझा श्वास सगळ्यांना ऐकू जात होता.

"आली ना, बाई," मी म्हणालो. "आज आली."